रेघ काढणारीची, पुसणंही तिचंच



या अंकाच्या मुखपृष्ठावर चित्र नाही. ही छपाईची चूक नाही. चूक झाली होती ती माझ्याकडून, आणि ती तुमच्यापुढे मांडायला हवी असं वाटतं.

वस्तीतल्या आमच्या सल्लाकेंद्राला कुणीतरी वापरलेला टॅब दिला. आणला होता नोंदी ठेवायला, पण फावल्या वेळात मुली आणि बायका त्यावर बोटाने चित्रं काढू लागल्या. मी कुरकुरले. समाजकार्याचं शिक्षण घेताना साधनं जपून वापरायचा धडा इतका घोकला होता की चित्र काढणं मला चैनच वाटली.

मग नलिनी मालानींची आठवण झाली. १९४६ साली कराचीत जन्मलेल्या, फाळणीनंतर भारतात आलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या या चित्रकर्तीने नवीन साधनाचा कधी धसका घेतला नाही. १९६९ साली अकबर पदमसींच्या कार्यशाळेत त्यांनी कॅमेरा हाती घेतला, तेव्हा तिथे त्या एकट्याच बाई होत्या. सत्तरी ओलांडल्यावर त्या आयपॅडवर थेट बोटाने रेषा ओढू लागल्या. एकेक चित्र काढायचं, ते थोडं बदलायचं, आणि सगळी एकापाठोपाठ पळवायची, म्हणजे रेघ हलू लागते. २०१८ साली कठुआत आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारण्यात आलं. त्या संतापातून त्यांचं ‘कॅन यू हिअर मी?’ हे काम उभं राहिलं. त्यातले ८८ छोटे चित्रपट २०२० साली लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत भिंतींवर एकमेकांत मिसळत दाखवले गेले. ‘माझं ऐकू येतंय का?’ हा प्रश्न त्या मुलीचा आहे, आणि तो आपल्याला विचारलेला आहे.

आमच्या केंद्रात एक बाई आठ महिने येत होती. येऊन बसायची, पण बोलायची नाही. कागद पुढे केला की म्हणायची, “नको ताई, वाया जाईल.” टॅबवर मात्र तिचं बोट चाललं. चुकलेली रेघ मागे घेता येते, कागद खराब होत नाही आणि कुणी ओरडत नाही, हे तिला दोन दिवसांत उमगलं. तिने आपल्या खोलीचा नकाशा काढला. चूल, मोरी, पलंग आणि दार. दाराची कडी तिने बाहेरच्या बाजूला काढली होती. ती कोंडली जात होती हे मला त्या कडीवरून कळलं. त्यानंतर ती हळूहळू बोलू लागली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करायलाही तयार झाली.

आणि मी काय केलं? नाव न देता ते चित्र मुखपृष्ठावर छापू, म्हणून तिला विचारलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, “माझ्या फोनमधलं सगळं तो बघतो. मी काही काढलं की पुसतो. आता हे तुम्ही घेणार का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वस्तीतल्या कुणीही ती खोली ओळखली असती, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तिने माझ्यासमोर ते चित्र पुसून टाकलं. खरं सांगते, मला हळहळ वाटली. नंतर त्या हळहळीचीच लाज वाटली.

१९९२ साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डच्या भिंतींवर मालानींनी चित्रं काढली होती आणि प्रदर्शन संपल्यावर ती मिटवून टाकली होती. काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. नवऱ्याने पुसणं आणि आपण होऊन पुसणं यात किती अंतर आहे, हे मला या बाईने दाखवून दिलं. मालानींना आपलं म्हणणं जगाला ऐकवायचं होतं. हिला ते एकाच माणसाला सांगायचं होतं. दोघींचं काम एका तागडीत कशाला तोलायचं?

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. बायकांच्या बैठकीत आपण रेशनकार्ड आणि पासबुक कोणाकडे असतं हे विचारतो. तसंच आता विचारूया, घरातला फोन कोणाच्या हातात असतो? त्याचं कुलूप कोण उघडतं? आणि दुसरी गोष्ट आपल्यासाठी. अहवालात, फलकावर, प्रदर्शनात बायकांची चित्रं आणि फोटो लावताना त्यांना विचारायचं, आणि ‘नाही’ म्हणायला खरोखरच जागा ठेवायची. जिला आपण मदत करतो तिला आपल्याला नकार देणं किती अवघड जातं, हे आपल्याला ठाऊक आहे.

पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा टॅब घेऊन बसली. काय काढते ते मी पाहिलं नाही. दाखवावंसं वाटलं तर ती दाखवेल.

तुमचे अनुभव जरूर लिहून पाठवा.