प्रेक्षकांवांचून खेळ

फुटबॉलच्या सामन्यांत प्रेक्षकाचें स्थान काय, हा प्रश्न विद्यार्थिवर्गांत अधूनमधून वादाचा विषय होत असतो. एक पक्ष म्हणतो कीं, अकरांविरुद्ध अकरा गडी, एक चेंडू आणि एक पंच एवढें असलें म्हणजे खेळ पूर्ण झाला. बघणारे असोत वा नसोत. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ज्या सामन्यांत कोणी ओरडत नाहीं तो सामना नसून नुसती कवाईत होय. असल्या वादाचा निकाल सहसा लागत नाहीं, कारण प्रयोग करून पाहण्याची सोय नसते. परंतु २०२० सालीं कोरोनाच्या साथीनें हा प्रयोग साऱ्या जगावर करून दाखविला. आज जे विद्यार्थी शाळेंत आहेत ते त्या वेळीं लहान होते. त्यांस बंद शाळा आणि तोंडावरची पट्टी यांपलीकडे फारसें स्मरत नसेल. त्यांच्या आईबापांस मात्र पुष्कळ अधिक आठवत असेल. म्हणून या विषयावर आमचें मत उभयतांपुढें मांडावें असें आम्हांस वाटतें.

साथ आणि खेळ यांची गांठ कांहीं नवी नव्हे. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबई बंदरांत इन्फ्लुएन्झाचा प्रवेश झाला व त्या एका साथीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. त्याच वर्षीं ब्राझील देशांतील रिओ शहरीं भरावयाची दक्षिण अमेरिकेची फुटबॉल-स्पर्धा साथीमुळें मे १९१९ पर्यंत पुढें ढकलावी लागली. त्या काळीं दूरचित्रवाणी नव्हती. प्रेक्षक येणार नसेल तर सामना भरविण्यांत कोणाचाच लाभ नव्हता. २०२० सालीं स्थिति अगदीं निराळी होती, आणि आम्हांस सांगावयाचें आहे तें याच फरकासंबंधीं.

प्रथम दोन सामन्यांची हकीकत ऐकावी. १९ फेब्रुवारी २०२० रोजीं इटलींतील मिलान शहराच्या सान सिरो मैदानावर आतालांता आणि व्हॅलेन्सिया या संघांचा सामना झाला. आतालांता हा बेर्गामो गांवचा संघ. गांवची वस्ती सुमारें एक लक्ष वीस हजार. त्यांतून आणि आसपासच्या खेड्यांतून सुमारें चाळीस हजार माणसें मोटारींनीं व आगगाड्यांनीं मिलानला लोटलीं. संघ इतक्या मोठ्या स्पर्धेंत इतका पुढें कधीं गेलाच नव्हता. बेर्गामोनें चार गोल केले. प्रत्येक गोलास लोकांनीं एकमेकांस मिठ्या मारल्या, आणि रात्रीं सारे आनंदानें घरोघर परतले. इटलींत साथ आंतल्या आंत पसरत आहे हें त्या क्षणीं कोणास ठाऊक नव्हतें; पहिला तसा रुग्ण उघडकीस आला तो त्यानंतर दुसऱ्या दिवशीं रात्रीं. पुढें महिन्याभरांत बेर्गामोच्या स्मशानांत जागा उरली नाहीं व शवपेट्या परगांवीं नेण्यास लष्कराचे ट्रक आणावे लागले. सारा अनर्थ त्या एका सामन्यानेंच केला असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु त्यानें साथीस हातभार लावला असावा असें तेथील वैद्यांचें व महापौरांचें म्हणणें पडलें.

दुसरा सामना बरोबर तीन आठवड्यांनीं, ११ मार्च रोजीं, इंग्लंडांतील लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर झाला. पाहुणा संघ माद्रिदचा, ॲटलेटिको. माद्रिदमधल्या शाळा त्याच दिवसापासून बंद झाल्या होत्या. स्पेनमधले सामने प्रेक्षकांवांचून खेळवावे असें आदल्या दिवशींच ठरलें होतें. म्हणजे ॲटलेटिकोच्या चाहत्यास आपल्या गांवच्या मैदानांत पाऊल टाकण्याची बंदी, परंतु विमानांत बसून परक्या गांवच्या मैदानांत जाण्याची मोकळीक! सुमारें तीन हजार चाहते तसे गेले आणि बावन्न हजारांच्या गर्दींत बसले. जागतिक आरोग्य संघटनेनें ही जगव्यापी महामारी असल्याचें जाहीर केलें तेंही त्याच दिवशीं. चाहत्यांस जाऊं दिलें ही चूक झाली असें माद्रिदच्या महापौरांनींच पुढें बोलून दाखविलें. इंग्लंडमधील सामने थांबले ते आणखी दोन दिवसांनीं, आर्सेनल संघाच्या शिक्षकांस संसर्ग झाल्याचें कळलें तेव्हां. हजारों प्रेक्षकांच्या जिवाची काळजी जें करूं शकली नाहीं तें एका संघशिक्षकाच्या तपासणीनें एका रात्रींत केलें.

या दोन सामन्यांस कित्येक लोक एकाच मापानें मोजतात. आम्हांस तें मान्य नाहीं. बेर्गामोचे लोक अज्ञानांत गर्दी करते झाले. त्यांस दोष देणें म्हणजे अंधारांत ठेंच लागलेल्यास दोष देणें होय. लिव्हरपूल येथें दिवा लागलेला होता. त्या गर्दींत बसलेला साधा चाहता दोषी आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं, तिकीट महिन्याआधीं काढलेलें, दरवाजा उघडा, सरकारची मनाई नाहीं, तो जाणारच. दोष आहे तो, सर्व ठाऊक असतांना दरवाजा उघडा ठेवणाऱ्यांचा.

आतां पुढची गोष्ट. दरवाजे एकदां बंद झाल्यावर असें आढळून आलें कीं, मोठ्या संघांचें प्रेक्षकांवांचून फारसें अडत नाहीं. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा ओघ दूरचित्रवाणीचा. जर्मनींत १६ मे रोजीं व इंग्लंडांत १७ जून रोजीं रिकाम्या मैदानांवर सामने सुरू झाले. जर्मनींतील एका संघानें तर चाहत्यांकडून पैसे घेऊन त्यांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमा बांकांवर बसविल्या, आणि इंग्लंडांत घरीं बसून पाहणाऱ्यांसाठीं यंत्रांतून गर्जना सोडण्यांत आल्या. गोल झाला कीं कोणी एक मनुष्य खोलींत बसून कळ दाबी आणि पन्नास हजार माणसें ओरडल्याचा आवाज होई. याहून करुण विनोद आमच्या पाहण्यांत नाहीं.

सामने सुरू करावे कीं नाहीं यावर चाहत्यांतच मोठें रण माजलें. जर्मनींतील संघटित चाहत्यांनीं उघड विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, दवाखान्यांत माणसें मरत असतां खेळाडूंची मात्र वरचेवर तपासणी व्हावी, हा पैशाचा खेळ आहे, लोकांचा नव्हे. उलट पक्ष म्हणे कीं, घरांत कोंडलेल्या एकट्या म्हाताऱ्या माणसास आठवड्यांतून दीड तास दुसरें कांहीं पाहावयास मिळालें तर तेवढाच विसावा. शिवाय खेळ हाही कित्येकांच्या पोटापाण्याचा धंदा. आम्हांस दुसऱ्या पक्षाचें म्हणणें पटतें, परंतु एका अटीवर. जेथें रुग्णांच्या वांट्याचें कांहीं हिरावून घेतलें जात नाहीं आणि मृत्यूचा मान राखला जातो तेथेंच हें समर्थन लागू पडतें. रिओच्या प्रसिद्ध माराकाना मैदानाच्या आवारांत साथीचें तात्पुरतें रुग्णालय उभारलेलें होतें. तें चालू असतांना १८ जून रोजीं शेजारींच सामना खेळविण्यांत आला. भिंतीच्या अलीकडे प्राणवायूच्या नळ्या आणि पलीकडे पंचाची शिट्टी! त्या दिवशीं आणखी आठ दिवस थांबल्यानें फुटबॉलचें काय बुडणार होतें?

रिकाम्या मैदानांनीं पहिल्या वादाचा निकालही लावला. स्वतःच्या मैदानावर खेळणारा संघ अधिक सामने जिंकतो हा या खेळाचा जुना अनुभव. २०२०-२१ च्या इंग्लंडच्या मुख्य स्पर्धेंत, जी जवळजवळ सारी प्रेक्षकांवांचून झाली, ३८० सामन्यांपैकीं यजमानांनीं १४४ जिंकले व पाहुण्यांनीं १५३. त्या देशाच्या सर्वोच्च स्पर्धेच्या इतिहासांत असें पूर्वीं कधींच घडलें नव्हतें. मैदान तेंच, गवत तेंच, गोलही तेवढ्याच रुंदीचा. नव्हता तो फक्त ओरडणारा. तेव्हां जे विद्यार्थी म्हणतात कीं बघणाऱ्यानें खेळांत कांहीं फरक पडत नाहीं, त्यांनीं हे दोन आंकडे ध्यानांत ठेवावे.

आपल्याकडे या प्रकाराचा अनुभव गोमंतकानें सर्वांत अधिक घेतला. १४ मार्च २०२० रोजीं मडगांवच्या फातोर्डा मैदानावर देशांतील मुख्य स्पर्धेचा अंतिम सामना प्रेक्षकांवांचून झाला; ॲनफील्डनंतर तीनच दिवसांनीं येथें दरवाजे लावण्याची बुद्धि सुचली ही समाधानाची गोष्ट होय. त्यानंतर २०२०-२१ ची सबंध स्पर्धा, ११५ सामने, गोव्यांतच फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर झाली. देशभरचे अकरा संघ येऊन हॉटेलांत बंदोबस्तानें राहिले. ज्या प्रांतांत चर्चच्या पुढच्या मोकळ्या जागेंतही पोरें चेंडू मारीत असतात तेथें देशांतले उत्तम खेळाडू चार महिने राहिले, आणि गोवेकरास ते पाहावे लागले घरांतल्या पडद्यावर, जसे कलकत्त्याच्या किंवा कोचीच्या माणसास. कुंपणाबाहेर चणे-शेंगदाणे व सरबत विकून सामन्याच्या दिवशीं चार पैसे मिळविणाऱ्यांस तर पडद्याचाही उपयोग नव्हता. खेळाच्या नुकसानीचे हिशेब मांडतांना हीं माणसें कोणाच्याच वहींत चढत नाहींत. २० मार्च २०२२ रोजीं फातोर्डाचे दरवाजे अंतिम सामन्यासाठीं पुन्हां उघडले, तेव्हां केरळाहून हजारों चाहते पिवळे सदरे घालून तेथें आले. त्यांचा संघ हरला. परंतु माणसें आलीं हीच त्या दिवसाची मोठी बातमी होती.

इतकें झाल्यावर कोणी विचारील कीं, प्रेक्षक हा नुसता ओरडण्यापुरताच कां? नव्हे, आणि याचें उत्तम उदाहरण पुन्हां बेर्गामोचेंच. व्हॅलेन्सियाचा परतीचा सामना बंद दरवाज्यांआड झाल्यामुळें तिकिटांचे पैसे चाहत्यांस परत मिळावयाचे होते. अनेकांनीं ते घरीं न नेतां गांवच्या रुग्णालयास दिले. एरवीं मैदानावर दांडगाई करणारे म्हणून ज्यांची ख्याति, असे तरुण चाहते कारागिरांच्या बरोबरीनें गांवच्या प्रदर्शनगृहांत तात्पुरतें रुग्णालय उभारण्याच्या कामीं राबले. लिव्हरपूलच्या चाहत्यांनीं निराळें काम केलें. एप्रिल २०२० च्या आरंभीं त्यांच्या श्रीमंत संघानें मैदानावरील कांहीं नोकरांस घरीं बसवून त्यांचा पगार बव्हंशीं सरकारी तिजोरींतून घेण्याचें ठरविलें. चाहत्यांनीं असा गिल्ला केला कीं दोनच दिवसांत संघाच्या चालकांस क्षमा मागून बेत मोडावा लागला. आपल्या संघावर प्रेम करणें म्हणजे त्याचें प्रत्येक कृत्य झांकणें, अशी समजूत आमच्या मुलांत आढळते. तीं मुलें हा प्रसंग वाचतील तर बरें.

खेळाडूंमध्यें मार्कस रॅशफोर्ड यांचें नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं. मँचेस्टरच्या या तरुणाचें वय तेव्हां अवघें बावीस. लहानपणीं आईची मिळकत अपुरी पडे, म्हणून शाळेंत मिळणाऱ्या फुकट जेवणावर त्यांनीं दिवस काढलेले. सुट्टींत गरीब मुलांच्या जेवणाची मदत बंद होणार असें कळतांच १५ जून २०२० रोजीं त्यांनीं पार्लमेंटच्या सभासदांस खुलें पत्र लिहिलें, आणि दुसऱ्याच दिवशीं सरकारनें आपला निर्णय फिरविला. सुमारें तेरा लक्ष मुलांस त्याचा लाभ व्हावयाचा होता. ज्या शाळेंत दुपारच्या सुट्टींत कोणाचा डबा रिकामा आहे हें शेजारच्या मुलास ठाऊक असतें, पण शिक्षकांस नसतें, तेथें याहून अधिक स्पष्टीकरण नको.

एवढें सारें झाल्यावरही धनिक संघचालकांस प्रेक्षकाची ओळख पटली नव्हती. १८ एप्रिल २०२१ रोजीं युरोपांतील बारा श्रीमंत संघांनीं आपसांत एक निराळी स्पर्धा काढण्याचें जाहीर केलें. बहुधा रिकाम्या मैदानांची त्यांस संवय झाली असावी. चाहते रस्त्यावर उतरले, आणि दोन दिवसांत त्यांतले सहाही इंग्लिश संघ बाहेर पडले. तेव्हां आमचें म्हणणें एवढेंच कीं, प्रेक्षक हा तिकिटाचा तुकडा नव्हे. तो सामन्याचा भागीदार आहे. भागीदारास धोका लपवून आंत घेणें हा जसा अन्याय, तसाच त्यास न विचारतां त्याच्या नांवाचा व्यापार करणें हाही अन्याय. आणि भागीदारीबरोबर बंधनही येतें: दूर राहण्याची वेळ आली कीं कुरकुर न करतां दूर राहणें.

हें बंधन शाळेच्या लहानशा मैदानावरही लागू आहे. अंगांत ताप असतां तो लपवून सामन्यास उभीं राहणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. तापल्या अंगानें दोस्तांच्या खांद्यावर हात टाकून ओरडणारीं तर दर पावसाळ्यांत दिसतात. तीं तसें करतात याचें कारण बहुतेक वेळां एकच: संघांतील जागा दुसऱ्यास जाईल ही भीति. म्हणून आमची क्रीडाशिक्षकांस सूचना आहे कीं, तापामुळें घरीं राहिलेल्या खेळाडूची जागा पुढच्या सामन्यांत त्यासच मिळेल असें त्यांनीं हंगामाच्या आरंभींच सर्वांसमक्ष सांगावें. आणि पालकांस विनंति कीं, सामन्याच्या दिवशीं सकाळीं मुलाच्या कपाळास एकदां हात लावून पाहावा.