अर्धी क्रिया आणि कणकेची आठवण



आजची आपली प्रयोगशाळा म्हणजे स्वयंपाकघर! पोळ्यांच्या कणकेतला लिंबाएवढा गोळा आईकडून मागून घ्या. त्यात बोट दाबा आणि लगेच काढा. खळगा बराचसा भरून येतो. आता तितकंच खोल बोट दाबून १ मिनिट धरून ठेवा. या वेळी खळगा फारसा भरत नाही. किती दाबलं एवढंच नाही, तर किती वेळ दाबलं हेही कणीक लक्षात ठेवते! (ज्वारीच्या पिठाच्या गोळ्यावर ही गंमत दिसायची नाही. त्यात गव्हातलं चिवट ग्लुटेन नसतं.)

पेनातली स्प्रिंग कशी वागते? दुप्पट ताणायची तर जोर दुप्पट लागतो. हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली छापला. काकवीचं तसं नाही. चमचा किती फिरवला यापेक्षा किती वेगाने फिरवला, यावर जोर ठरतो. तो विचार न्यूटन यांच्या १६८७ च्या ग्रंथात आहे. कणीक या दोघींच्या मधली. थोडी स्प्रिंग, थोडी काकवी.

बदलाचा वेग काढण्याच्या क्रियेला गणितात 'विकलन' म्हणतात. स्प्रिंगसाठी ही क्रिया शून्य वेळा करायची, काकवीसाठी एकदा. मग कणकेसाठी? अर्ध्या वेळा!

हसू नका. 'चौपट करणे' या क्रियेची अर्धी क्रिया कोणती, सांगा पाहू? 'दुप्पट करणे'! कारण दुप्पट दोनदा केली की चौपट होते. तसंच दोनदा केल्यावर एक पूर्ण विकलन व्हावं, ते अर्धं विकलन. हा प्रश्न लोपिताल आणि लायब्निझ या गणितज्ञांच्या पत्रांत १६९५ सालीच निघाला होता. यातून पुढे कधीतरी उपयोगाचं काही निघेल, असं लायब्निझ यांना वाटलं होतं. आणि निघालंही! १९४० च्या दशकात इंग्लंडचे स्कॉट ब्लेअर यांनी कणीक, चीज अशा पदार्थांसाठी हेच 'अपूर्णांकी कलन' वापरलं.

आता गंमत पाहा. तिघांनाही सारख्याच जोराने ओढत राहिलो आणि पहिल्या मिनिटाला प्रत्येक जण १ सेंटिमीटर ताणला गेला, असं समजू. ४ आणि ९ मिनिटांनी काय होईल?

स्प्रिंग : १, १, १
काकवी : १, ४, ९
अर्ध्या क्रियेचा पदार्थ : १, २, ३

म्हणजे वर्गमूळ! खऱ्या कणकेचा अपूर्णांक नेमका अर्धाच असतो असं नाही. पीठ-पाण्याप्रमाणे तो बदलतो.

आपल्या पुण्यातही या विषयावर मोठं काम झालं आहे. पुणे विद्यापीठाच्या डॉ. वर्षा दफ्तरदार-गेज्जी आणि हुसेन जाफरी यांनी २००६ साली अवघड समीकरणं सोडवण्याची एक नवी रीत मांडली. अपूर्णांकी कलनाची समीकरणंही तिने सुटतात. मुलींनो, हे नाव वहीत लिहून ठेवा.

पण हे सगळं आपल्याला शिरूर कासारला बसून कशाला हवं? तर आपल्या पाठीसाठी! दोन मणक्यांच्या मधे मऊ चकती असते, तीही कणकेच्याच जातीची. दिवसभराच्या भाराने ती किंचित दबते आणि रात्री आडवं झालं की पुन्हा फुगते. म्हणून मोठ्या माणसाची उंची सकाळी साधारण १ सेंटिमीटर जास्त भरते. शरीराच्या अशा मऊ भागांचा अभ्यास करणारे संशोधकही हे गणित वापरतात.

ऊसतोडीला गेलेली आपल्या तालुक्यातली माणसं दिवसभर मोळ्या वाहतात. ओझं किती, एवढाच हिशेब त्यांच्या पाठीला पुरत नाही. किती वेळ वाहिलं आणि मधे किती टेकलं, हेही पाठ मोजते. म्हणून मोळी उतरवून घटकाभर बसणाऱ्या माणसाला आळशी म्हणू नये.

पालकांसाठी : २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. एकदा काट्यावर ठेवून पाहाच.

डोकं चालवा : (१) अर्ध्या क्रियेचा पदार्थ ५ सेंटिमीटर ताणायला किती मिनिटं लागतील? (२) 'नऊपट करणे' याची अर्धी क्रिया कोणती? उत्तरं पुढच्या अंकात. तोवर कणीक वाया घालवू नका, तिची पोळी करून खा!