हळदीचा सौदा समोरासमोरच



हळदीचे सौदे पूर्णपणे ऑनलाइन करून यार्डातली ‘निरर्थक गर्दी’ संपवावी, असं मागील अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं आहे. ते मला अजिबात पटलं नाही. 2016 साली ई-नाम हा शेतमालाचा ऑनलाइन बाजार सुरू झाला, त्याचा फायदा आहेच: लांबचा व्यापारी बोली लावू शकतो. पण सांगलीच्या यार्डात एकदा सौद्याला उभं राहून पाहा. खरेदीदार पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचं हळकुंड काढतो, मोडतो आणि आतला रंग उजेडात धरतो. नीट वाळलेलं हळकुंड खट्कन मोडतं. ओल राहिलेलं आधी लवतं. शिजवणीत कसर राहिली असेल तर तीही मोडीवर दिसते. पॉलिश केलेल्या मालाच्या फोटोत यातलं काय कळणार?

गेल्या हंगामात माझा माल फोटोवरच ठरला. परगावी पोचल्यावर खरेदीदारानं ‘ओल जास्त आहे’ म्हणत भाव पाडला. परतीचं भाडं परवडणारं नव्हतं, मुकाट्यानं सोसलं. यार्डात हीच कुरबुर पोत्यापाशी, अडत्यासमोर निघाली असती आणि शेजारच्या ढिगाचा भाव ऐकून मला ‘नाही देत’ म्हणता आलं असतं.

ज्यांना ही गर्दी निरर्थक वाटते, त्यांना त्यात शेतकऱ्याची नकार देण्याची ताकद दिसत नाही, याचं वाईट वाटतं. ऑनलाइन बोली जरूर असावी, पण माल यार्डात पाहून झाल्यावरच. आणि गर्दीचा त्रासच कमी करायचा असेल, तर बाजार समित्यांनी आधी मुक्कामी शेतकऱ्यांसाठी सावली, पाणी आणि स्वच्छतागृहं द्यावीत.

– एक हळद उत्पादक, मिरज तालुका