जुना कुकर, जुनी बोट

नवीन पनवेलच्या आमच्या भिशीत परवा गोव्याच्या क्रूझचा विषय निघाला. "अगं, ती बोट म्हणे दुसऱ्यांनी वापरलेली आहे!" एकीने नाक मुरडलं. तसं खरंच आहे ते. 2021 मध्ये मुंबईहून सुरू झालेली कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' मूळची 1990 सालची, फ्रान्समध्ये बांधलेली. पण म्हणून नाक का मुरडायचं?

ग्रीसच्या कंपन्या तर अशा सेकंडहँड बोटींवरच मोठ्या झाल्या. चँड्रिस कंपनीने 1959 साली एक ब्रिटिश बोट विकत घेऊन तिचं नाव 'पात्रिस' ठेवलं. पात्रिस म्हणजे मायदेश. पोटासाठी ऑस्ट्रेलियाला निघालेली हजारो माणसं तिने पैलतीरी नेली. 1974 च्या नाताळात चक्रीवादळाने तिथलं डार्विन शहर उद्ध्वस्त केलं. पुढच्या वर्षी हीच बोट बंदरात उभी राहिली आणि बेघरांचं घर झाली.

ग्रीसच्याच टिपाल्डोस कंपनीनेही एक जुनी ब्रिटिश बोट घेतली, नाव दिलं 'हेराक्लिऑन'. 8 डिसेंबर 1966 रोजी भर वादळात आतला एक ट्रक सुटून दारावर आदळला आणि पाणी आत शिरलं. दोनशेहून जास्त माणसं गेली. चौकशीत कंपनीचा हलगर्जीपणा उघड झाला.

बोटी दोन्ही जुन्याच. मग फरक कशाचा? माझ्याकडे सासूबाईंचा कुकर आहे. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मी वेळच्या वेळी बदलते, म्हणून तो अजून बिनघोर शिजवतो. नुसता घासून लख्ख केला असता तर? बोटीचंही तेच. रंग कोणीही लावेल, निगा कोण राखतं ते बघायचं.

आणि थोडी निगा आपल्याही हातात असते. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून एलिफंटाला निघालेली 'नीलकमल' नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडाली. तिथे दोष बोटीच्या वयाचा नव्हताच. त्यानंतर लाईफ जॅकेटची सक्ती झाली. तरी खरं सांगू? त्याआधी एकदा मीच साडीवर ते केशरी जॅकेट कसं दिसेल म्हणून मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी माझी नात, तिनेही माझं बघून काढून ठेवलं.

मैत्रिणींनो, आता बोटीत पाय ठेवताना तिचं वय विचारू नका. जॅकेट मागा, आधी स्वतः घाला. पोरं आपलंच बघतात.