वरणाची व्याजस्तुती आणि इंग्रजीचा तास

‘फिगर्स ऑफ स्पीच’ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना बारावीचं इंग्रजीचं गाइड आठवतं. कवितेची ओळ, तिच्यापुढे सिमिली, मेटाफर नाहीतर पर्सॉनिफिकेशन असं नाव आणि खाली एका वाक्यात ठरलेलं स्पष्टीकरण. पाठ करायचं, एक-दोन मार्क पदरात पाडून घ्यायचे आणि सीईटीच्या अभ्यासाला लागायचं. इंजिनिअरिंगला आल्यावर कोणाला हवेत अलंकार?

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. अलंकार कळण्याची खरी गरज इथे आल्यावरच पडते. आणि ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांना ते शिकवायचे असतील, तर सुरुवात मराठीपासूनच व्हायला हवी. कशी ते सांगतो.

आज रात्री मेसमध्ये जरा कान उघडे ठेवून बसा. ‘वा! काय वरण आहे, ताटाखालची कंपनीची मोहरसुद्धा वाचता येते!’ वरून स्तुती, आतून निंदा. ही व्याजस्तुती. ‘हे वरण नाहीच, हे हळदीचं पाणी आहे.’ उपमेय नाकारून उपमान तेच खरं म्हणायचं, ही अपन्हुती. ‘एम-थ्रीचा पेपर माझ्याकडे बघून हसत होता’ ही चेतनगुणोक्ती. ‘सबमिशनमुळे चार जन्म झोपलो नाही’ ही अतिशयोक्ती. हे सगळं बोलणारी मुलं तीच असतात, जी कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसतात. तिथे मॅडमनी ‘आयरनी म्हणजे काय?’ विचारलं की वर्ग गप्प! मुलाला आयरनी येत असते. येत नसतो तो फक्त ‘आयरनी’ हा शब्द.

या दोन गोष्टींतला फरक आपण लक्षातच घेत नाही. वस्तू माहीत नसणं वेगळं आणि वस्तूचं इंग्रजी नाव माहीत नसणं वेगळं. मराठी माध्यमातला मुलगा शाळेतच उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द असे उपमेचे चार भाग शिकून आलेला असतो. मेटाफरचे दोन भाग वेगळे दाखवण्यासाठी ‘टेनर’ आणि ‘व्हेइकल’ ही नावं आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ साली रूढ केली. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रातही उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चार अलंकार सांगितलेले आहेत. म्हणजे ज्याला आपण ‘कच्चा’ म्हणतो, त्याच्या दप्तरात या विषयाची हत्यारं आधीपासून आहेत. ती बाहेर काढायला मात्र कोणी सांगत नाही!

अर्थात ‘मेटाफर बरोबर रूपक’ असं समीकरण मांडून मोकळं होता येणार नाही. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही समोर असतात आणि ती एकच आहेत असं आपण म्हणतो. इंग्रजी मेटाफरमध्ये उपमेय अजिबात न सांगितलं तरी चालतं. पण हा फरकसुद्धा ज्याला रूपक कळलंय त्यालाच पटकन समजेल.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण इंजिनिअरला याचा उपयोग काय? तर आपल्याच पुस्तकांकडे बघा. लेथला बेड असतो, सॅडल म्हणजे खोगीर असतं, एप्रन असतो आणि चकला जबडे असतात. फिलेट वेल्डला मूळ, पाय, गळा आणि चेहरा असतो. कॉम्प्युटरवाल्यांचं झाड तर मूळ वर आणि पानं खाली असं उलटं उगवतं. ही सगळी रूपकं आहेत. वापरून वापरून इतकी गुळगुळीत झालीत की ती रूपकं आहेत हेच कोणाच्या लक्षात येत नाही. आणि इंग्रजी ज्याच्या घरात नाही, त्याच्यासाठी ते नुसते पाठ करायचे आवाज उरतात. ‘थ्रोट’ म्हणजे गळा, दोन रुंद भागांमधली अरुंद जागा, एवढं एकदा सांगितलं तर डायग्राम निम्मी पाठ होते.

पण खरी गंमत रूपक कुठे तुटतं ते शोधण्यात आहे. विजेचा ‘प्रवाह’ हे रूपक घ्या. बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास विजेला एक द्रव मानून प्लस आणि मायनस ही चिन्हं दिली. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसनने लावला १८९७ साली, आणि तारेत तो आपण काढतो त्या बाणाच्या उलट दिशेने जातो असं कळलं. बाण मात्र आजही तसाच आहे! शिवाय पाइप कापला तर पाणी बाहेर सांडतं, तार कापली तर प्रवाह थांबतो. पाण्याचं रूपक इथे संपतं, आणि ते कुठे संपतं हे न कळलेला विद्यार्थी सर्किटमध्ये चुकतो.

तसंच ‘फटीग’चं. माणूस थकतो तसा धातूही थकतो, ही चेतनगुणोक्तीच. रेल्वेचे आस तुटतात का, याचे प्रयोग ऑगस्ट व्होलरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात केले, ते आपण एस-एन कर्व्हमध्ये शिकतो. पण थकलेला माणूस झोपून उठला की ताजातवाना होतो. धातूला पडलेली भेग मशीन रात्रभर बंद ठेवल्याने भरून येत नाही. उपमेय आणि उपमान यांत साधारण धर्म कुठपर्यंत आहे हे विचारायची सवय असेल, तर हा प्रश्न आपोआप सुचतो. ही सवय अलंकारांच्या तासाला लागू शकते. व्हायवाच्या आदल्या रात्री नाही!

वाक्प्रचारांचंही तेच. ‘डोक्यावरून गेलं’ हे इंग्रजीतही जवळजवळ तसंच म्हणतात. पण आपल्या पोटात कावळे ओरडतात तेव्हा भूक लागलेली असते, इंग्रजांच्या पोटात फुलपाखरं उडतात तेव्हा धाकधूक होत असते. दोन्हीकडे पोट, दोन्हीकडे पंखवाले, आणि अर्थ वेगळा! ग्रुप डिस्कशनमध्ये कोणी ‘बॉलपार्क फिगर’ मागितला आणि समोरचा मैदानाचं क्षेत्रफळ आठवत बसला, तर त्याचं गणित कच्चं नसतं. हा आकडा म्हणजे ढोबळ अंदाज, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, इतकंच.

काही सर म्हणतात, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवलं पाहिजे, मराठीचा आधार दिला की मुलं कायम कुबड्या घेऊनच चालतात. या म्हणण्यात तथ्य आहे. शेवटी पेपर, मुलाखत आणि रिपोर्ट इंग्रजीतच आहेत. २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला वाट करून दिली, तरी आपल्यातल्या बहुतेकांची पुस्तकं इंग्रजीच आहेत. पण मी मराठीत थांबा असं म्हणतच नाही. मराठीतून निघा, एवढंच म्हणतो. हे वाक्यसुद्धा ‘कुबड्या’ या रूपकावर उभं आहे, हे सरांनीही बघावं. माझ्या मते मराठी ही कुबडी नव्हे, सेंटरिंग आहे. स्लॅब पक्का झाला की ते काढून घेतात. आधीच काढलं तर काय होतं, ते सिव्हिलवाल्यांना विचारा.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, नाव शेवटी सांगा. आधी विचारा, कशाची कशाशी तुलना आहे, साम्य काय आणि ते कुठे संपतं. दोन, उदाहरणं मुलांकडून घ्या. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जी बोली असेल तीतून, नंतर तेच इंग्रजीत लिहायला लावा. तीन, प्रत्येकाने आपापल्या ब्रँचचे पाच शब्द आणावेत आणि त्यातलं लपलेलं रूपक वर्गात उलगडावं. याला लॅब लागत नाही, बजेट लागत नाही, एक तास पुरतो.

पहिल्या सेमिस्टरला जो मुलगा गप्प बसायला शिकतो, तो पुढे प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनलाही गप्पच बसतो. त्याची कल्पना चांगली असते, पण बोलतो दुसराच. हे थांबवायचं असेल तर त्याला एकदा तरी कळायला हवं की मेसमध्ये तो जे बोलतो, त्यालाच वर्गात ‘लिटररी डिव्हाइस’ म्हणतात.

बाकी वरण कधी घट्ट होईल, हा प्रश्न अलंकारशास्त्राच्या बाहेरचा आहे!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)