झेप हरवलेले डोळे

समोर बसलेल्या मैत्रिणीला एखादा उतारा मनात वाचायला सांगा आणि तुम्ही मात्र तिच्या डोळ्यांकडे पाहा. आपली समजूत अशी की नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते. प्रत्यक्षात ती उड्या मारीत जाते. सुमारे पाव सेकंद थांबते, की पुन्हा उडी. ही उडी सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आत संपते. आरशात स्वतःची उडी पाहू म्हणाल तर ते शक्य नाही. त्या क्षणापुरता मेंदू जणू पडदाच ओढून घेतो. मी बराच वेळ आरशासमोर उभी राहून पाहिले. घरच्यांनी त्याचा भलताच अर्थ घेतला, ते असो.

ही झेप एखाद्याच्या डोळ्यांतून हरवली तर? असे रुग्ण मुंबईत डॉ. नोशिर वाडिया यांना दिसले. डॉ. वाडिया हे जे. जे. रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ. त्यांनी आणि डॉ. स्वामी यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ या इंग्लंडमधील नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकिकत प्रसिद्ध केली. या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या एक आजार चालत आला होता. चालताना तोल जायचा, हात कापायचे, जीभ जड व्हायची. लहान मेंदू झिजला की असे होते, हे वैद्यकाला ठाऊक होते. नवे होते ते डोळे. “इकडे पाहा” म्हटले की निरोगी माणसाची नजर झटक्यात वळते. या रुग्णांची नजर मात्र संथपणे सरकत जाई. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत जगात एकाही रुग्णाचा मेंदू सीटी स्कॅनने पाहिला गेलेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे नुसत्या निरीक्षणाची किंमत कळते.

मला यातले नवल असे वाटते की रुग्णाला कोठे पाहायचे ते कळते, पाहण्याची इच्छा असते, नजर अखेर तेथे पोचतेही. जातो तो फक्त वेग. नजरेला झटका देणाऱ्या पेशींचा एक छोटासा समूह मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात असतो. या आजारात तो निकामी होतो. पण उडणाऱ्या पाखरामागे नजर हळूहळू फिरवण्याची शक्ती सुरुवातीच्या काळात बरीचशी शाबूत राहते, कारण तिची वाट वेगळी. आपण ज्याला ‘पाहणे’ या एका शब्दात गुंडाळतो त्याची मेंदूच्या दप्तरी अशी निरनिराळी खाती आहेत. सगळी खाती सुरळीत असतात तोवर त्यांचा पत्ताच लागत नाही. एक बंद पडले की बाकीची दिसू लागतात.

आणखी एक गोष्ट. झेप घेणारे हे यंत्र वाचनासाठी घडलेले नाही. लिपी पाच हजार वर्षांची. डोळ्यांची उडी तिच्यापेक्षा कितीतरी जुनी. माझ्या वडिलांना अक्षरओळख नाही, पण ज्वारीवर पाखरू उतरले की त्यांची नजर माझ्या आधी तेथे असते. मी कॉलेजात तेच यंत्र वापरते, फक्त पाखराच्या जागी अक्षर आले आहे.

पुढे १९९३ मध्ये क्यूबातील अशाच कुटुंबांवरून या आजाराचे मूळ बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले आणि १९९६ मध्ये नेमके जनुक सापडले. सी-ए-जी ही तीन अक्षरे त्यात एरवी बहुधा २२ वेळा येतात. ती ३२-३३ च्या पुढे गेली की आजार संभवतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असला तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. म्हणजे यात ना शाप, ना करणी, ना पूर्वजन्मीचे पाप. पण गावात तोल जाणारा माणूस दिसला की लोक आधी त्याच्या तोंडाचा वास घेतात. जीभ जड असल्याने तो बिचारा स्वतःची बाजूही नीट मांडू शकत नाही.

माझी तक्रार येथेच आहे. मानसशास्त्र घेतल्यावर मी औरंगपुऱ्यातून एक जुने क्रमिक पुस्तक आणले. मेंदूच्या प्रकरणात १८४८ साली डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेलेला अमेरिकेचा फिनिअस गेज आहे, १८६१ सालचा, ‘टॅन’ एवढेच बोलू शकणारा पॅरिसचा रुग्णही आहे. ते असावेतच. पण एका रात्रीच्या गाडीवर असलेल्या मुंबईतल्या त्या नऊ कुटुंबांना चार ओळीही का नसाव्यात? परदेशातला रुग्ण म्हणजे शास्त्र आणि आपल्याकडचा म्हणजे कोणाच्या तरी घरचे दुर्दैव, अशी ही वाटणी मला पटत नाही. शिवाय या कुटुंबांनी जगाला ज्ञान दिले, पण त्यांचा आजार बरा करणारे औषध आजही नाही. निदान त्यांच्याविषयी शिकण्याचे तरी आपल्याकडे लागते.

तूर्त मी त्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : वाडिया, मुंबई, १९७१, नऊ कुटुंबे. परीक्षा झाली की पुस्तक पुन्हा औरंगपुऱ्यातच विकायचे आहे.