धोकटी आणि दरपत्रक

देवास म्हटले की आम्हा गोमंतकीयांना पहिल्यांदा आठवतात ते कुमार गंधर्व. धार म्हटले की भोज राजा, आणि मराठ्यांचा इतिहास थोडा अधिक वाचला असेल तर दुसरा बाजीराव. १७७५ साली त्याचा जन्म धारच्या किल्ल्यात झाला. या दोन्ही गावांवर पवारांचे राज्य होते. देवासला तर तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांमुळे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली, ती थेट १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत. पवारांच्या मागोमाग मराठी माणूस माळव्यात गेला, कोणी शिपाईगिरी केली, कोणी कारकुनी केली, आणि तो तिथलाच झाला. त्याच्या घरात अजून मराठी बोलतात. मात्र ती बोलता बोलता हिंदीच्या अंगणात जाऊन येते.

पण आज मला गाण्यावर किंवा इतिहासावर लिहायचे नाही. मला लिहायचे आहे ब्युटी पार्लरवर. हसू नका. ज्या धंद्याचे नाव काढताच सुशिक्षित माणसाला हसू येते, त्या धंद्यात समाजाविषयी शिकण्यासारखे बरेच असते असा माझा अनुभव आहे.

देवासला माझ्या मावसबहिणीचे सासर आहे. घर जुन्या नोकरदार वळणाचे. आजेसासरे दरबारच्या चाकरीत, सासरे बँकेत. तिच्या सुनेने घराच्या पुढच्या खोलीत पार्लर उघडले. एक खुर्ची, एक मोठा आरसा, वॅक्स तापवायचे भांडे, दोऱ्याची रिळे. घरात पहिला सूर उमटला तो असा, 'आता आपल्याकडे हजामतीचा धंदा होणार का?' दुसरा सूर शेजारपाजारचा. भुवया कोरून घ्यायच्या आणि उठताना म्हणायचे, 'तू तर घरचीच, तुला काय पैसे द्यायचे!' ती मला म्हणाली, 'मामा, कात्री धरायला मी सहा महिन्यांत शिकले. पैसे मागायला अजून शिकतेच आहे.'

स्वतःचा असा धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येक बाईची खरी अडचण या वाक्यात आहे. भांडवल, जागा आणि हुन्नर या गोष्टी लागतातच. पण केशकर्तन आणि सौंदर्यप्रसाधनाच्या कामात सर्वांत कठीण असते ते आपल्या कामाचा भाव स्पष्ट शब्दांत सांगणे. आणि हे कठीण का, याचे कारण आपल्या गावगाड्यात आहे.

न्हावी हा बलुतेदार. वर्षभर त्याने गावाची डोकी आणि दाढ्या करायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचे. आमच्या गोव्यात हाच म्हालो, आणि त्याला मिळायचे भात. माळव्यात नाई आणि त्याची नाईण. लग्नघरात नवरीला उटणे लावणे, न्हाऊ घालणे, मेंदी काढणे, केस विंचरणे हे सारे नाईण करी. आज ज्याला ब्रायडल पॅकेज म्हणतात ते तिच्या हातात पिढ्यान् पिढ्या होते. तिला मिळे तो 'नेग'. नेग म्हणजे यजमान खुशीने देईल ते. गरज सर्वांना होती, काम डोळ्यांसमोर होते, पण त्याची किंमत कोणी उच्चारत नसे. बलुत्याने कारागिराला वाईट वर्षातही चार दाणे मिळत हे खरे. पण त्याने त्याला मागायची आणि नाही म्हणायची, दोन्ही सवयी लागू दिल्या नाहीत. आज पार्लर उघडणारी मुलगी या व्यवस्थेच्या बाहेर पडली आहे. तिचे गिऱ्हाईक मात्र अजून खळ्यावरच बसले आहे!

नाही म्हणण्याचा उल्लेख मुद्दाम केला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र आली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरवले. समाजसुधारणेच्या इतिहासात ही घटना विधवांच्या बाजूने सांगतात, ते योग्यच आहे. मला मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसते. हातातला वस्तरा कोणासाठी उचलायचा आणि कोणासाठी नाही, हे वस्तरा धरणाऱ्याने ठरवले. ज्याला काम नाकारता येते त्यालाच कामाची किंमत सांगता येते. धंदा स्वतःचा झाला तो या क्षणी.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारचे. आंबोलीचा घाट चढून आजऱ्यावरून पुढे गेले की गडहिंग्लज तालुका लागतो. तिथल्या हासूरसासगिरी गावच्या शांताबाई यादव. १९८४ साली नवरा वारला, पदरात चार मुली, जमीन नाही. त्यांनी नवऱ्याची धोकटी उचलली आणि गावातल्या पुरुषांची डोकी आणि दाढ्या करू लागल्या. लोक हसले, नावे ठेवली. त्या आसपासच्या गावांत पायी जात राहिल्या, म्हशीही भादरल्या. सुरुवातीला केस कापायचा दर होता एक रुपया. पुढे वर्तमानपत्रांनी त्यांचे धैर्य वाखाणले. मला त्या धैर्याइतकाच तो एक रुपयाही मोलाचा वाटतो. रक्कम लहान होती, पण ठरलेली होती. तीत कोणाची मेहेरबानी नव्हती.

आता थोडे कडू बोलतो. नोकरदार घरातली सून पार्लर काढते तेव्हा चार दिवस कुरकुर होते आणि मग ती 'ब्युटिशियन' म्हणून मिरवते. तेच काम न्हाव्याची लेक करते तेव्हा तो 'जातीचा धंदा' ठरतो. आरसा तोच, दोरा तोच, क्रीमही त्याच दुकानातले. मराठीत तर आपण 'बिनपाण्याने केली' म्हणून या कामाला शिवीसारखे वापरतो. ज्यांच्या घरी ही विद्या पिढ्यान् पिढ्या आहे त्यांना लाज वाटावी आणि जे काल शिकले त्यांना प्रतिष्ठा मिळावी, हा कुठला न्याय? ज्या सेना महाराजांची पुण्यतिथी आपण श्रावण वद्य द्वादशीला करतो, ते जातीने न्हावी. मराठी गाथेत त्यांचे अभंग आहेत, शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांचे एक पद आहे, आणि उत्तरेची परंपरा त्यांना आजच्या मध्य प्रदेशातल्या बांधवगडचे मानते. सेना पूजेत रमले म्हणून देवानेच त्यांचे रूप घेतले आणि धोकटी काखेला मारून राजाची हजामत केली, अशी कथा आहे. जे काम करायला देवाला कमीपणा वाटला नाही, ते आपल्याला वाटावे?

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलींना माझे सांगणे साधे आहे. आरशाच्या आधी भिंतीवर दरपत्रक लावा. भुवया कोरायला दोरा जवळजवळ फुकट लागतो, म्हणून ते काम फुकट नव्हे. तिथे तुमची नजर आणि तुमचा वेळ विकला जातो. नवरीच्या शृंगाराचा विसार आधी घ्या, कारण देवउठनी ग्यारस आणि आखातीज यांच्या आसपास एका दिवशी तीन लग्ने येतात आणि चातुर्मासात खुर्ची रिकामी राहते. त्या चार महिन्यांचे भाडे लगीनसराईतच बाजूला काढायचे असते. केसांचा रंग नव्या गिऱ्हाइकाला लावण्याआधी कानामागे लावून ४८ तास वाट पाहा. वॅक्सची पट्टी एकीची दुसरीला नको. या गोष्टी दिसायला लहान आहेत, पण भाव सांगायचे बळ यांतूनच येते. शिकायचे असेल तर आयटीआयमध्ये बेसिक कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे.

सरकारी मदत आहे, पण ती समजून घ्यावी. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते, आणि एका खोलीतल्या पार्लरला तेवढे पुष्कळ होते. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि नाई त्यांत आहे. प्रशिक्षणाचा भत्ता, अवजारांसाठी १५ हजार आणि पहिल्या टप्प्यात एक लाखाचे कर्ज ५ टक्के व्याजाने. पण लाभ कुटुंबात एकालाच. नवऱ्याचे सलून आणि बायकोचे पार्लर असेल तर नाव बहुधा कोणाचे लागेल, हे मी सांगायला नको. नाईणीचे काम पूर्वी नेगात मोजले जाई, आता नवऱ्याच्या नावात. हे बदलायला हवे.

आणि शेवटचे मागणे आपल्याकडे, म्हणजे खुर्चीत बसणाऱ्यांकडे आहे. देवास, धार, म्हापसा की फोंडा, गाव कुठलेही असो. ओळखीची आहे, नात्यातली आहे, शेजारची आहे म्हणून पैसे कमी करू नका. डॉक्टर शेजारी असला तरी आपण फी देतो ना? घरची मुलगी धंद्यात उतरली असेल तर तिला आशीर्वादाचा उपयोग थोडा. भिंतीवरचा दर वाचावा, पूर्ण पैसे द्यावेत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यावे. तिचा धंदा टिकायला आपण एवढे तरी नक्कीच करू शकतो.